सगळे दुसऱ्या बाजूचे असताना आपला राजकीय पाठिंबा उघडपणे कसा दाखवायचा: पायरी पायरीने

एकच प्रकार मी इतक्यांदा बघितलाय की शेवटी बसून लिहायचं ठरवलं. माणसाचा एखाद्या पक्षाला किंवा उमेदवाराला मनापासून पाठिंबा असतो, आजूबाजूचे जवळपास सगळे दुसऱ्या बाजूचे, महिनोन्‌महिने तो गप्प बसतो आणि मग एका रात्री कुणाच्या तरी फॉरवर्डवर डोकं तापतं आणि हा डायरेक्ट डीपी बदलतो, गाडीला स्टिकर लावतो, ग्रुपवर चार कडक ओळी टाकतो. सकाळी मित्रांचे मेसेज, भावाचा फोन, ऑफिसात सगळे एकदम शांत. दोन दिवसांत घाबरून सगळं काढून टाकतो. आता लोकांना त्याचं मतही कळलंय आणि थोडा दाब दिला की हा मागे सरकतो हेही कळलंय. गप्प बसला असता तर यापेक्षा बरा राहिला असता.

क्रम चुकतो म्हणून हे होतं. आधी कारण ठरवायचं, मग नियम बघायचे, मग जवळच्या माणसांना तोंडाने सांगायचं आणि खूण सगळ्यात शेवटी लावायची. बहुतेक जण हे बरोब्बर उलटं करतात.

कुठल्या पक्षासाठी हा प्रश्न इथे नाहीये, कुठल्याही बाजूला असाल तरी पायऱ्या ह्याच.

१. कशासाठी दाखवायचंय ते एका वाक्यात लिहा

खरंच लिहा, कागदावर नाहीतर फोनमध्ये. "माझ्यासारखे अजून कुणी असतील तर त्यांना एकटं वाटू नये म्हणून" हे चांगलं कारण आहे. "मला घरच्यांसमोर खोटं बोलायचा कंटाळा आलाय" हेही चांगलं आहे. "या उमेदवाराला इथून थोडी तरी मतं मिळावीत" हेपण चालेल, फक्त मग नुसत्या स्टिकरने भागणार नाही, लोकांशी बोलावं लागेल. "त्या अमक्याला दाखवूनच देतो" असं वाक्य निघालं तर फोन बाजूला ठेवा आणि आठवडाभर थांबा, कारण अशा पाठिंब्यात तुमचा उमेदवार राहतो बाजूला आणि लोकांना फक्त तुमचं भांडण दिसतं.

याच्याखाली दुसरं वाक्य लिहा, मी या पक्षाचं किंवा माणसाचं नक्की काय मान्य करतो आणि काय नाही. हे पुढे फार कामाला येतं, कारण लोक पहिल्याच दिवशी तुम्हाला त्या पक्षाच्या प्रत्येक नेत्याच्या प्रत्येक वाक्याचा जाब विचारणार आहेत.

तपासून बघा: तुमचं कारण तुम्ही घरातल्या सगळ्यात विरोधी माणसासमोर, आवाज न चढवता, दोन वाक्यांत सांगू शकता का? नसेल जमत तर पुढची पायरी नको.

२. खरंच सगळे विरोधात आहेत का, ते बघा

आपण "सगळे" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा बोलणारे चार-पाच जणच असतात. आपलं मत कमी लोकांचं आहे असं वाटलं की माणूस गप्प बसतो, तो गप्प बसला की ते मत अजूनच कमी लोकांचं दिसतं, मग पुढचाही गप्प बसतो. एलिझाबेथ नोएल-नॉयमन या जर्मन संशोधिकेने १९७४ मध्ये याला मौनाचं चक्र म्हटलं होतं. म्हणजे तुमच्या ग्रुपमध्ये जे काहीच बोलत नाहीत त्यांचं मत तुम्हाला माहीतच नाहीये, त्यांना परस्पर विरोधकांत धरू नका आणि आपल्यातही धरू नका.

एक साधी यादी करा. रोज ज्यांच्याशी संबंध येतो अशा पंधरा-वीस माणसांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे खूण करा: उघड विरोधात, उघड बाजूने, माहीत नाही. मी केली तेव्हा "माहीत नाही" वाले सगळ्यात जास्त निघाले. मला तोपर्यंत शपथेवर वाटत होतं की मी एकटाच आहे.

यादी झाली की फाडून टाका किंवा डिलीट करा. दुसऱ्यांच्या राजकीय मतांची यादी तुमच्या फोनमध्ये सापडणं कुणाच्याच भल्याचं नाही.

३. नियम, ही पायरी कंटाळवाणी आहे पण गाळू नका

"अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे ना" एवढ्यावर कित्येक जण निघतात आणि इथेच फसतात. बऱ्याच देशांत हे स्वातंत्र्य मुख्यतः सरकारने तुमचं तोंड दाबू नये म्हणून असतं. अमेरिकेत पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी कंपनीच्या मालकाला नाही. म्हणजे ऑफिसात बिल्ला लावून गेलात आणि मालकाने काढायला सांगितला तर घटना आपोआप तुमच्या मदतीला धावत नाही.

हे चार कागद किंवा चार माणसं गाठा:

नोकरीचा करार आणि कंपनीची सोशल मीडिया पॉलिसी. कामाच्या वेळेत काय आणि कामाबाहेर काय हे दोन्ही वेगवेगळं वाचा.

सरकारी नोकरीत असाल तर सेवानियम. भारतात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९६४ च्या वर्तणूक नियमांतला ५ वा नियम लागू होतो आणि त्यात तर स्पष्ट लिहिलंय की अंगावर, गाडीवर किंवा राहत्या घरावर निवडणूक चिन्ह लावणं म्हणजे निवडणुकीत आपलं वजन वापरणं. अमेरिकेत १९३९ च्या हॅच कायद्यामुळे केंद्रीय कर्मचाऱ्याला ड्युटीवर प्रचाराचा बिल्ला लावता येत नाही. म्हणजे कितीही प्रामाणिक भावना असली तरी एका स्टिकरवरून खात्याची चौकशी लागू शकते.

घर भाड्याचं असेल तर भाडेकरार, सोसायटी असेल तर तिचे नियम. दर्शनी भिंत, गेट, सामाईक जिना ह्या जागा बहुतेक वेळा तुमच्या एकट्याच्या नसतात.

मतदानाच्या दिवसाचे नियम. भारतात मतदान केंद्राच्या १०० मीटरच्या आत प्रचार करणं किंवा निवडणुकीसंबंधी खूण दाखवणं गुन्हा आहे. दुसरीकडे नियम वेगळे असतात, अमेरिकेत मिनेसोटा राज्याने मतदान केंद्रात राजकीय कपड्यांवर सरसकट बंदी घातली होती ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फार मोघम म्हणून रद्द केली. तुमच्या ठिकाणचा नियम तुम्हीच वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. त्या दिवशी साधे कपडे घालून मत द्यायला जाणं सगळ्यात सोपं.

इशारा: टोपी, उपरणं, बिल्ला आठवणीने काढला जातो, पण फोनचं कव्हर आणि गाडीवरचं स्टिकर माणूस हमखास विसरतो.

४. काय जाऊ शकतं याचा हिशोब

तीन गोष्टी वेगळ्या करा: अंगावर येणारं, पोटावर येणारं आणि मनाला लागणारं. लोक या तिन्हींची खिचडी करतात, मग एकतर सगळ्यालाच घाबरतात नाहीतर कशालाच घाबरत नाहीत.

अंगावर येणारं म्हणजे मारहाण, तोडफोड, घरापर्यंत येणारी माणसं. तुमच्या भागात अशा कारणावरून आधी हात उचलले गेले असतील तर घरावर किंवा गाडीवर खूण लावू नका. याला मी पळपुटेपणा मानत नाही. जवळच्यांना सांगणं, मीटिंगला जाणं, देणगी देणं (आधी बघून घ्या की देणगीदारांची नावं जाहीर होतात का, बऱ्याच ठिकाणी होतात) हे मार्ग उरतातच. मतदान गुप्त ठेवण्याची पद्धत याच कारणासाठी आहे, १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी ती कायद्याने आणली तेव्हाही मालक आणि दांडगट मंडळींचा दाब हेच कारण होतं. तुम्ही कुणाला मत दिलं हे सांगायला कोणीच तुम्हाला भाग पाडू शकत नाही, उघडपणे पाठिंबा दाखवत असलात तरी.

पोटावर येणारं म्हणजे नोकरी, गिऱ्हाईक, भाड्याची जागा. इथे स्वतःला विचारा की सहा महिने उत्पन्न कमी झालं तर चालेल का. हो म्हणायची परिस्थिती नसेल तर कामाच्या ठिकाणी काहीच दाखवू नका, बाकी ठिकाणी दाखवा.

मनाला लागणारं बहुतेक सहन होतं, फक्त आधी माहीत असावं लागतं. कुणीतरी ग्रुप सोडेल, कुणीतरी बोलावणार नाही, कुणीतरी टोमणा मारेल. कोण मारेल त्याचा अंदाज आधीच बांधून ठेवा, अर्धा त्रास तिथेच कमी होतो.

आणि एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. घरावरची खूण घरातल्या सगळ्यांच्या नावाने बोलते. बायको वेगळ्या मताची असेल, आई कुणाच्या अध्यातमध्यात नसेल, मुलगा शाळेत जात असेल, तरी बाहेरचा माणूस त्या दारातून येणाऱ्या प्रत्येकाला एकाच रंगात बघतो. शाळेतल्या मुलाला तुमच्या झेंड्याचं उत्तर द्यायला लागता कामा नये. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने तोंडाने "चालेल" म्हटल्याशिवाय दारावर, गॅलरीत, सामाईक गाडीवर काही लावायचं नाही. एकजण जरी नको म्हणाला तरी मग खूण फक्त तुमच्या अंगावर आणि तुमच्या अकाउंटवर.

५. आधी तोंडाने सांगा (सगळी गोम इथे आहे)

माझीच गोष्ट सांगतो. खूप वर्षांपूर्वी मी स्कूटरला एका उमेदवाराचं स्टिकर लावलं. शेजारी एक काका राहायचे, लहानपणापासून मला ओळखणारे, पक्के विरोधी बाजूचे. त्यांनी सकाळी स्टिकर बघितलं आणि त्या दिवसापासून बोलणं बंद, समोरून आलो तर मान दुसरीकडे. मी मनात म्हणायचो काय हा कोतेपणा, एका कागदाच्या तुकड्यावरून. जवळपास वर्षाने एका दुखवट्याच्या प्रसंगी आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि ते हळूच म्हणाले, "अरे, तुझं मत काय आहे याचं मला काही नाही रे. रोज माझ्याशी तासभर बोलायचास आणि हे मला तुझ्या स्कूटरने सांगितलं." मला उत्तरच सुचलं नाही. आजही ते वाक्य आठवलं की वाईट वाटतं, कारण मी त्यांना दोन मिनिटांत सांगू शकलो असतो.

तर जवळच्या पाच ते सात माणसांना खूण लावण्याच्या आधी, एकेकट्याला, समोरासमोर सांगायचं. ग्रुपवर नाही, मेसेजवर नाही. लांब असतील तर फोन.

सांगायचं कसं तर थोडक्यात, आणि मन वळवायचा प्रयत्न न करता. "तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगतो, या वेळी माझा पाठिंबा यांना आहे आणि मी तो उघड करणार आहे. तुमचं मत वेगळं आहे मला माहितीये, तुम्ही बदलावं म्हणून सांगत नाहीये." एवढंच. मग थांबा आणि ऐका. ते बोलतील, कदाचित तावातावाने बोलतील, तेव्हा प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायचा मोह आवरा. फार तर "यावर मला विचार करायला लागेल" म्हणा, आणि खरंच करा.

लोक इथे हमखास करतात त्या चुका. माफी मागितल्यासारखं सांगतात, "सॉरी हां, पण मी ना…", त्याने समोरच्याला वाटतं की हा अजून डळमळतोय, थोडं ढकलू या. किंवा सांगता सांगता समोरच्याच्या नेत्यावर घसरतात. किंवा जेवणाच्या टेबलावर दहा जणांत सांगतात, मग समोरच्याला इतरांसमोर आपली बाजू राखावी लागते आणि एरवी शांत असणारा माणूसही आवाज चढवतो. सणासुदीला, लग्नात, आजारपणात तर हा विषय काढूच नका.

मन वळवायचंच असेल तर ते दुसऱ्या दिवशी, वेगळ्या बोलण्यात. त्याचीही पद्धत आहे. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काल्ला या संशोधकांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, फ्लोरिडात ट्रान्सजेंडर लोकांबद्दलच्या पूर्वग्रहावर कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन साधारण दहा मिनिटं बोलणं केलं आणि त्याचा परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकलेला दिसला. आकडे तोंडावर फेकण्यापेक्षा समोरच्याला त्याचा स्वतःचा अनुभव आठवायला लावणं हा त्या बोलण्याचा गाभा होता. "तुम्हाला कधी असं वेगळं पाडलं गेलंय का" असा प्रश्न विचारायचा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकायचं.

तपासून बघा: खूण दिसल्यावर "मला का नाही सांगितलंस" असं म्हणू शकेल असा कुणी राहिलाय का? राहिला असेल तर आधी त्याच्याकडे.

६. एक तरी सोबती शोधा

सोलोमन अ‍ॅशचे १९५० च्या दशकातले मानसशास्त्रातले प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकले असतील, रेषांची लांबी ओळखायची, बाकीचे सगळे मुद्दाम चुकीचं उत्तर देतात आणि माणूस डोळ्यांना दिसत असूनही साधारण तीनातल्या एका वेळी त्यांच्यामागे जातो. त्यातला कामाचा भाग लोक सोडून देतात. गटात फक्त एक जण बरोबर उत्तर देणारा ठेवला की हे मागे जाणं एकदम घसरतं. एक माणूस पुरतो.

हा सोबती रोज भेटणारा नसला तरी चालेल. वाईट दिवशी फोन उचलणारा पाहिजे. फक्त सतत चिथावणारा नको, "दे ठोकून, कशाला ऐकतोस" म्हणणारा सोबती विरोधकांपेक्षा जास्त नुकसान करतो.

७. खूण निवडा, लहानापासून सुरू करा

पहिली खूण काढता येईल अशी असू दे. बिल्ला, पिशवी, फोनवरचं स्टिकर. रंगवलेली भिंत किंवा मोठा झेंडा पहिल्या दिवशी नको. खूण अशी निवडा की तिच्यात तुम्ही कुणाच्या *बाजूने* आहात ते दिसतं. "अमक्याला हाकला" असलं स्टिकर पाठिंबा सांगत नाही, जिथे तुम्ही एकटे आहात तिथे ते आजूबाजूच्या प्रत्येकाला आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटतं.

पहिल्या दिवशी बिल्ला लावून बाहेर पडल्यावर सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटेल. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं होतं, त्यांना वाटलं जवळपास निम्म्या लोकांनी बघितला असणार, प्रत्यक्षात पाव लोकांनीही ओळखला नव्हता. म्हणून कुणी बघितलं की लगेच खुलासा द्यायला लागू नका, विचारलं तरच बोला.

दोन आठवडे लहान खूण ठेवा. सगळं ठीक चाललं तर वाढवा. एकदा लावलेली खूण दोन-चार टोमण्यांवरून काढू नका. सर्ज मोस्कोविसी या मानसशास्त्रज्ञाच्या १९६९ च्या प्रयोगात सहा जणांच्या गटात दोन जण आधी ठरवून निळ्या रंगाला हिरवा म्हणायचे, ते दरवेळी ठाम राहिले तेव्हा बाकीच्यांची सुमारे ८ टक्के उत्तरं त्यांच्याकडे झुकली, आणि तेच दोघं कधी हिरवा कधी निळा म्हणायला लागले तेव्हा सव्वा टक्का. थोड्यांकडे टिकून राहणं हेच काय ते बळ असतं. पण धोका खरा असेल, चौथ्या पायरीतला अंगावर येणारा, तर त्याच क्षणी काढा, तिथे ठामपणाचा प्रश्नच येत नाही.

८. लोक काय म्हणतील आणि तुम्ही काय म्हणायचं

तीन वाक्यं पाठ करून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही.

खरंच जाणून घ्यायचंय अशा माणसाला: तुमचं पहिल्या पायरीतलं वाक्य, जसंच्या तसं.

"मग तुझ्या त्या नेत्याने असं केलं त्याचं काय" असं विचारणाऱ्याला: "ते मला पटलेलं नाही, तरी पाठिंबा या या कारणाने आहे." प्रत्येक गोष्टीचा बचाव करायला गेलात की लोक तुम्हाला प्रवक्ता समजतात आणि मग तुमच्या खऱ्या कारणालाही किंमत देत नाहीत.

नुसतं भांडायला आलेल्याला: "यावर आपलं जमणार नाही, दुसरं बोलू." आणि खरंच दुसरं बोला, त्याच्या कामाचं विचारा. पुन्हा आलाच तर तेच वाक्य पुन्हा, आवाज तोच.

ऑनलाइन याहून कडक राहा. अकाउंटवर खूण लावण्याआधी जुन्या पोस्ट, घराचा पत्ता दिसणारे फोटो, मुलांचे फोटो, लोकेशन हे सगळं आवरून घ्या. ऑफिसच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर राजकीय काही टाकू नका, तुमची बाजू कितीही बरोबर असली तरी, तो ग्रुप त्यासाठी नाही. फॉरवर्ड तर नकोच. तुम्ही संख्येने कमी आहात, तुमच्याकडून एक खोटा फोटो गेला तर वर्षभर तोच दाखवला जाईल. दुसऱ्या बाजूच्या लोकांनी दहा टाकले तरी कुणी लक्षात ठेवणार नाही, हे अन्यायाचं आहे पण असंच आहे.

इशारा: रात्री राग आलेला असताना लिहिलेलं सकाळी वाचून मग टाका.

९. खूण फाडली, गाडी खरवडली, धमकी आली

आधी फोटो, मग साफसफाई. तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा, मेसेज असेल तर स्क्रीनशॉट घ्या आणि तो डिलीट करू नका. कुणी केलं याचा अंदाज सोशल मीडियावर टाकू नका, चुकीच्या माणसाचं नाव गेलं तर तक्रार तुमच्यावरच उलटते. नुसता कागद फाडला असेल तर नवीन लावा आणि विषय सोडा. मालमत्तेचं नुकसान किंवा धमकी असेल तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगून परत येऊ नका. घरच्यांना त्याच दिवशी सांगा. त्यांना काळजी वाटेल म्हणून लपवणं ही फार मोठी चूक आहे, कारण पुढच्या वेळी दार तेच उघडणार असतात.

१०. निकालानंतर

याचा विचार कुणीच आधी करत नाही. जिंकलात तर त्या दिवशी गल्लीत, ग्रुपवर, ऑफिसात काही बोलू नका, तुमच्या आजूबाजूला बहुतेक जण हरलेले आहेत आणि त्यांच्यासोबतच तुम्हाला राहायचंय. हरलात तर आठवडाभर टोमणे येतील, "या वेळी तुमचे जिंकले, अभिनंदन" हे एक वाक्य पुरेसं आहे, ते मनापासून म्हणायचा प्रयत्न करा.

निवडणुकीची खूण निवडणूक संपली की उतरवा. पक्षाची कायमची खूण ठेवायची असेल तर ठेवा. आणि पुढे कधी मत बदललं, तर तेही पाचव्या पायरीप्रमाणेच, त्याच पाच-सात माणसांना, त्यांना दुसरीकडून कळायच्या आत.